मोनेचं घर, मोनेची बाग: ही चित्रं पाहायला सुरुवात कुठून करावी

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं नाव टाकून शोधलं की पडद्यावर आधी वॉटर लिली येतात. निळं पाणी, हिरवी गोल पानं, मध्ये गुलाबी-पांढरे ठिपके. नवखा माणूस त्यातलं एखादं चित्र उघडतो, दहा सेकंद पाहतो, 'छान आहे' म्हणतो आणि बंद करतो. त्याचा दोष नाही. त्याच्या हाती गोष्टीचं शेवटचं प्रकरण आधी आलेलं असतं.

मोनेने (1840-1926) स्वतःचं घर आणि स्वतःची बाग जवळजवळ आयुष्यभर रंगवली. घरं बदलली: आधी आर्जांतॉय, मग वेतॉय, शेवटी जिव्हेर्नी. सगळी गावं सीन नदीच्या आसपासची, पॅरिसपासून हळूहळू लांब जाणारी. ओळखीच्यांना ही चित्रं दाखवायला बसते तेव्हा मी त्यांना एकच काम देते: प्रत्येक चित्रात घर शोधा. ते केवढं आहे, कुठे आहे, त्याचं दार दिसतं का, दारात कोणी आहे का. हा धागा धरला की चाळीस-पन्नास वर्षांची चित्रं आपोआप एका ओळीत लागतात, आणि त्या लिलींपर्यंत पोचताना आपण मोकळ्या हाताने पोचत नाही.

आधी थोडी तयारी

निवांत अर्धा तास काढा. मोबाइलवर पाहू नका, लॅपटॉप किंवा त्याहून मोठा पडदा घ्या. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा, नाहीतर निळ्या सावल्या मातकट दिसतील आणि अर्धी गंमत तिथेच जाईल. चित्रं संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून उघडा. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या दोन ठिकाणांहून मोनेची चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. इतरत्र सापडणाऱ्या प्रतींमध्ये रंग भडक केलेले असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

एक जाड कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. कागदाला हरभऱ्याएवढं भोक पाडा. ते कशाला, ते दुसऱ्या पायरीला सांगते.

पायरी 1: घर अगदी समोर असलेलं चित्र

शिकागोच्या संग्रहात 'आर्जांतॉयमधलं चित्रकाराचं घर' हे 1873 चं चित्र आहे. सुमारे 60 बाय 73 सेंटिमीटर, म्हणजे फार मोठं नाही. यात घर शोधावं लागत नाही. वेलीने मढलेली भिंत, दार, दारात उभी असलेली बाई, पुढच्या मोकळ्या अंगणात खेळायचं चाक घेतलेला टोपीवाला मुलगा. बाई म्हणजे मोनेची बायको कामीय, मुलगा म्हणजे सहा वर्षांचा झाँ.

पुढे ओळीने मांडलेल्या कुंड्या पाहा. पांढऱ्या, त्यावर निळी नक्षी. या कुंड्या नीट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहेत. मोने 1871 च्या अखेरीस आर्जांतॉयला राहायला आला तो भाडेकरू म्हणून. जमीन मालकाची, कुंड्या आपल्या. भाड्याच्या घरात ज्यांनी बाल्कनीत झाडं वाढवली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता चित्रापासून तीन-चार पावलं मागे या आणि डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात आणि उजेडाचे, सावलीचे मोठे तुकडे उरतात. ते तुकडे कागदावर पेन्सिलीने चौकटीत मांडा. चार-पाच आकार पुरेत. चित्र कितीही हात सैल सोडून काढल्यासारखं वाटलं तरी त्याच्या खाली केवढी पक्की मांडणी आहे, हे त्या पाच आकारांत दिसतं.

पायरी 2: जेवण झाल्यानंतरची बाग

याच घराच्या बागेत, साधारण त्याच काळात, मोनेने 'दुपारचं जेवण' रंगवलं. ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि आकाराने दांडगं आहे: 160 बाय 201 सेंटिमीटर. या चित्रावर घाई करू नका. मला स्वतःला घर आणि बाग या विषयावरचं मोनेचं हे सगळ्यात जवळचं चित्र वाटतं.

जेवण होऊन गेलंय. टेबल अजून आवरलेलं नाही, पांढऱ्या कापडावर कप तसेच आहेत. बाकावर कुणाची तरी छत्री राहिलीय. फांदीला एक टोपी टांगलीय, तिची काळी फीत लोंबतेय. ही टोपी मला तिसऱ्यांदा चित्र पाहताना दिसली, आणि दिसली तेव्हा त्या दुपारचा उकाडाच जाणवला. मागे घराजवळ दोन बायका फिरताहेत. झाँ कुठे आहे ते शोधा. सांगत नाही, फक्त सावलीत शोधा म्हणते. तो आपल्याच खेळात इतका गुंग आहे की चित्रकारानेही त्याला हाक मारलेली नाही.

आता तो भोकाचा कागद घ्या. टेबलावरच्या कापडाचा जो भाग सावलीत आहे, त्यावर भोक येईल असा कागद पडद्यावर धरा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की भोकातून दिसणारा रंग कोणता? पांढरा तर नक्कीच नाही. निळसर करडा, कुठे जांभळट. कागद काढला की तेच कापड पुन्हा पांढरंशुभ्र. कागद सरकवून उन्हातल्या भागावर न्या, तिथे पिवळटपणा येईल. गवतावर न्या, जमिनीवर न्या. पंधरा-वीस ठिकाणी पाहा.

हे असं का, याचं कारण साधं आहे. थेट ऊन जिथे पोचत नाही तिथे आकाशाचा उजेड पोचतो आणि तो निळा असतो. शेजारच्या पानांवरून परतलेला हिरवा उजेडही त्यात मिसळतो. आपला मेंदू मात्र 'कापड पांढरं' हे आधीच ठरवून बसलेला असतो. मोने आणि त्याच्या सोबतच्यांनी ठरवलेल्या रंगाऐवजी डोळ्याला त्या क्षणी दिसणारा रंग लावला. मराठीत या वळणाला 'दृक्प्रत्ययवाद' असा भारदस्त शब्द आहे. शब्द फोडला तर अर्थ सरळ आहे, डोळ्याला आलेला प्रत्यय. युरोपात त्याला 'इंप्रेशनिझम' म्हणतात. 1874 मध्ये या मंडळींनी पॅरिसमध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवलं, त्यात मोनेच्या एका चित्राच्या नावात 'इंप्रेशन' हा शब्द होता, आणि लुई लरॉय या समीक्षकाने तोच पकडून टिंगल केली. नाव तिथून चिकटलं.

पानांमधून जमिनीवर उतरणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यांना आपल्याकडे 'कवडसे' हा इतका नेमका शब्द आहे, तो इथे वापरा. मोनेच्या बागांमध्ये कवडसे मोजत जा. कुठे पडलेत, त्यांच्या कडा धारदार आहेत की विरघळलेल्या, यावरून दिवसाचा कोणता प्रहर आहे हे बरंचसं कळतं.

पायरी 3: कुंपणाच्या पलीकडे काय होतं?

आता दोन चित्रं शेजारी शेजारी उघडा. दोन्ही 1873 ची, दोन्ही आर्जांतॉयच्या बागेची.

पहिलं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं, मोनेचं: डेलियाच्या फुलांनी भरलेला बागेचा कोपरा. फुलांचा दाट ढीग, त्याच्यामागे झाडांआडून डोकावणारं घर, वर आकाश. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्या तरी निवांत खेड्यात मोठ्या आवारात राहतोय.

दुसरं अमेरिकेतल्याच हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियम संग्रहालयातलं, मोनेचा चित्रकार मित्र रेन्वार याचं: 'आर्जांतॉयच्या बागेत चित्र काढताना मोने'. त्यात मोने लाकडी घोडीवर (ईझलवर) कॅनव्हास लावून उभा आहे, समोर फुलांनी लगडलेलं कुंपण आहे, आणि कुंपणापलीकडे घरं आहेत. शेजाऱ्यांची, एकाला एक लागून असलेली.

दोन मित्रांनी एकाच बागेकडे पाहिलं. रेन्वारने शेजार ठेवला, मोनेने तो काढून टाकला. आर्जांतॉय तेव्हा पॅरिसचं वाढतं उपनगर होतं. रेल्वेने काही मिनिटांत शहर गाठता येई, गावात कारखाने होते, धुराडी होती. मोनेने नदीकाठच्या काही चित्रांत ती धुराडी रंगवलीही आहेत. बागेत मात्र त्याने त्यांना येऊ दिलं नाही.

नवख्यांनी ही पायरी गाळू नये असं मला फार मनापासून वाटतं. 'डोळ्याला दिसलं तसं रंगवलं' हे वाक्य आपण मोनेबद्दल सतत ऐकतो. रंगाबद्दल आणि उजेडाबद्दल ते खरं आहे. कुठे उभं राहायचं आणि चौकटीत काय घ्यायचं, हे मात्र तो आधी नीट ठरवत होता. त्याला हवं असलेलं घर त्याने आधी निवडलं आणि मग त्यावरचा उजेड प्रामाणिकपणे टिपला. यापुढे प्रत्येक चित्रापाशी थांबून विचारा: चौकटीच्या बाहेर काय राहिलं असेल?

पायरी 4: वेतॉय, आणि पुन्हा त्याच कुंड्या

1878 मध्ये पैशांची चणचण असताना मोनेचं कुटुंब वेतॉयला गेलं. सोबत मोनेची चित्रं विकत घेणाऱ्या एर्नेस्त ओशदेचं कुटुंबही त्याच घरात होतं. तिथे सप्टेंबर 1879 मध्ये कामीय वारली. वय 32. त्यानंतरच्या हिवाळ्यात सीन गोठली आणि मोनेने बर्फ फुटतानाची नदी रंगवली.

हे मनात ठेवून नॅशनल गॅलरीतलं 'वेतॉयमधली चित्रकाराची बाग' उघडा. सन 1881, उंची दीड मीटर. आपण खाली उभे आहोत, वाट आणि पायऱ्या वर चढत जाताहेत, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच सूर्यफुलं. वाटेवर एक लहान मुलगा खेळण्यातली गाडी घेऊन थांबलाय. आणि वाटेच्या कडेला त्याच निळ्या नक्षीच्या पांढऱ्या कुंड्या.

घर कुठे गेलं? पार वर, सूर्यफुलांच्या मागे. आर्जांतॉयच्या चित्रात दारात बाई उभी होती. इथे पायऱ्यांवर एक बाई आणि मूल आहे, पण सूर्यफुलांच्या मानाने ती अगदी लहान आहेत. या चित्रात दुःख दाखवलंय असं मी म्हणणार नाही, ते उन्हाने काठोकाठ भरलेलं आहे. फक्त दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, कुंड्यांवरून नजर न्या, आणि घरापर्यंतचं अंतर स्वतः मोजा.

पायरी 5: जिव्हेर्नी. इथे बाग आधी, चित्र मागाहून

एप्रिल 1883 च्या अखेरीस मोने जिव्हेर्नीला आला. घरात तो, एर्नेस्तची बायको अलीस ओशदे (पुढे ती मोनेची दुसरी बायको झाली) आणि दोघांची मिळून आठ मुलं. हेही घर भाड्याचंच, पण 1890 मध्ये त्याने ते 22,000 फ्रँकना विकत घेतलं. वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा जमीन स्वतःची झाली, आणि मग त्याने हात आखडला नाही. 1893 मध्ये रेल्वेच्या रुळांपलीकडची जागा घेऊन एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तळं करायला. गावकऱ्यांनी विरोध केला. मोने तळ्यात लावणार असलेल्या परक्या वनस्पतींनी पाण्यात विष कालवलं जाईल अशी त्यांना भीती होती. शेवटी परवानगी मिळाली, तळं झालं, त्यावर जपानी धाटणीचा लाकडी पूल आला. पुढे तळं आणखी वाढवलं गेलं. बागेसाठी माळ्यांची फौज होती, त्यातला एक फक्त तळ्यासाठी, पाण्यावरची पानं-फुलं स्वच्छ ठेवायला. बाजूच्या रस्त्याची धूळ पानांवर बसते म्हणून मोनेने स्वतःच्या खर्चाने त्या रस्त्यावर डांबर घालून घेतलं.

डांबराची ही गोष्ट मला कुठल्याही कलासमीक्षेपेक्षा जास्त सांगून जाते. पानावर धूळ बसली की पानातला आकाशाचा उजेड जातो.

इथे ऑर्सेमधलं 1900 चं 'जिव्हेर्नीतली चित्रकाराची बाग' पाहा. आयरिसचे जांभळे ताटवे तिरके आडवे पसरलेत, झाडांमधून उजेड गाळून येतोय. घर? झाडांच्या फटीत. पहिल्या नजरेत दिसलं नाही तर पुन्हा पाहा, आहे. भोकाचा कागद पुन्हा काढा: एकाच जांभळ्या फुलाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या छटा किती, ते मोजा. मोनेकडे रंग मोजकेच होते. 1905 मधल्या एका पत्रात त्याने सांगितलेली यादी अशी: पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी लाल, गडद मॅडर (खोल लाल), कोबाल्ट निळा, एमराल्ड हिरवा. त्यात काळा नाही.

पायरी 6: घर दिसेनासं होतं

आता वॉटर लिलींकडे या. आपल्याकडची कुमुदं याच कुळातली. कमळाचं पान पाण्याबाहेर दांड्यावर उभं राहतं, यांची पानं पाण्याला टेकून पसरतात. चित्रासाठी हा फरक मोठा आहे, कारण पाण्याचा सपाट पृष्ठभाग कुठे आहे हे फक्त ही पानंच सांगतात. बाकी सगळं एक तर पाण्याखाली आहे, नाहीतर पाण्यात पडलेलं प्रतिबिंब आहे.

क्रमाने जा. 1899 ची पुलाची चित्रं आधी. तिथे पूल आहे, काठ आहे, झाडी आहे, उभं राहायला जागा आहे. मग 1909 मध्ये मोनेने लिलींची 48 चित्रं प्रदर्शनात मांडली, त्या सुमाराची कुठलीही दोन-तीन घ्या. पूल गेला, काठही बहुतेक गेला. घराचा तर प्रश्नच नाही.

इथे एक युक्ती करा. चित्राची प्रत पडद्यावर उलटी फिरवा, वरचं खाली. पाण्यात उलटी दिसणारी झाडं सुलटी होतील, ढग जागेवर येतील आणि लिलीची पानं एकदम आकाशात तरंगू लागतील. पुन्हा सरळ करा. आता पाण्याचा पृष्ठभाग, त्यातलं आकाश आणि खालची खोली हे तीन थर वेगळे दिसायला लागतात. एकदा दिसले की पुन्हा एकत्र होत नाहीत.

पायरी 7: कागदावर स्वतः

चित्रकला येत नसली तरी करा. घराच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून दिसणारी एकच जागा निवडा. सकाळी आठला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त रंगांचे ठिपके उतरवा, रेघ नको. त्याच जागी उभं राहून संध्याकाळी पाचला दुसरा कागद करा. जलरंग, पोस्टर रंग, मुलांचे तेली खडू, काहीही चालेल. काळा मात्र डबीतच राहू द्या. प्रत्येक कागदाला वीस मिनिटांहून जास्त देऊ नका, तोवर ऊन सरकलेलं असतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

युरोपच्या सहलीत हल्ली बरेच जण जिव्हेर्नीला एक दिवस देतात. त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. पॅरिसच्या सें-लाझार स्थानकावरून व्हेर्नों या गावापर्यंत रेल्वे, तिथून जिव्हेर्नी साधारण पाच किलोमीटर, बस मिळते. बाग एप्रिलच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडी असते, दिवाळीनंतरच्या सुट्टीत गेलात तर दार बंद मिळू शकतं. आयरिस पाहायचे तर मे, लिली पाहायच्या तर जुलै-ऑगस्ट. घरात भिंतींवर मोनेची जी चित्रं दिसतात त्या प्रती आहेत. मूळ चित्रं तिथे नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. जपानी छापचित्रं आणि पिवळं जेवणघर मात्र चुकवू नका. तळ्याकडे जायला रस्त्याखालून भुयारी वाट आहे. ही बाग मधल्या काळात ओसाड पडली होती आणि डागडुजी होऊन 1980 मध्ये लोकांसाठी उघडली, हेही चालताना मनात असू द्या.

पॅरिसमध्ये आधी ऑर्से करा, सोमवारी बंद असतं. मग ऑरांजरी संग्रहालय, ते मंगळवारी बंद. तिथे दोन लंबगोल दालनांत दोन मीटर उंचीची लिलींची चित्रं भिंतीभर वळत जातात. मोने गेल्यानंतर काही महिन्यांनी, मे 1927 मध्ये ती दालनं उघडली. मधल्या बाकावर बसा आणि मान वळवत राहा. दाराजवळ उभं राहून फोटो काढून निघालात तर ती चित्रं पाहिली असं होत नाही.

आणि शेवटी मार्मोताँ संग्रहालय, तेही सोमवारी बंद. मोनेचा धाकटा मुलगा मिशेल 1966 मध्ये गेला तेव्हा त्याच्याकडची वडिलांची चित्रं इथे आली. त्यात 1922 ते 24 च्या सुमाराची 'गुलाबाच्या बागेतून दिसणारं घर' ही चित्रं आहेत. मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, 1912 मध्ये निदान झालं होतं, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली. जवळून पाहिलं तर लाल, पिवळ्या, हिरव्या जाड रेघांचा गुंता आहे, दुसरं काही नाही. मागे कुणी नाही ना पाहून पाच-सहा पावलं मागे सरका, पहिल्या पायरीसारखे डोळे किलकिले करा आणि थांबा. झाडाझुडपांच्या त्या जाळ्यात, एका बाजूला, घर आहे.